पोर्टल कुणाच्या बाजूचं, आणि त्यावर भरवसा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक मराठी बातम्यांचं पोर्टल तुम्ही दीड वर्षापासून वाचता आणि त्याच्या लिंक बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकता. मेहुणे म्हणतात, ते सत्ताधाऱ्यांनी विकत घेतलंय. शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणतात, छे, ते तर उघड विरोधकांचं आहे. आता पोर्टल वर्षाला ९९९ रुपये वर्गणी मागतंय. ते निःपक्ष आहे का, आणि पैसे भरावेत का? सोबत तुम्ही पाच बातम्या पाठवल्यात.

पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या डेस्कवर माझी सत्तावीस वर्षं गेली. बातमीदारी थोडी केली, उपसंपादकी फार. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली बातमी वाचून ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारण्याचा पगार घेणारा माणूस. त्याच सवयीने तुमच्या पाचही लिंक वाचल्या. पोर्टलचं नाव इथे घेत नाही, कारण पाच बातम्यांवरून कुणाला प्रमाणपत्र देणं किंवा फासावर चढवणं दोन्ही चूक.

आधी मेहुणे आणि प्राध्यापक. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांचा १९८५ सालचा एक प्रयोग आहे. १९८२ मध्ये बैरूतला साब्रा आणि शातिला इथे हत्याकांड झालं. त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्या विरुद्ध वाटल्या. म्हणजे तुमच्या ग्रुपवर जे चाललंय त्याने पोर्टलबद्दल काहीच कळत नाही, मेहुणे आणि प्राध्यापकांबद्दल थोडं कळतं. पण याची दुसरी बाजूही आहे. ‘दोन्हीकडून शिव्या पडतात, म्हणजे आम्ही निःपक्ष’ हे संपादकांचं लाडकं वाक्य मीही कितीदा वापरलंय. त्याने काही सिद्ध होत नाही. दोन्हीकडून शिव्या निव्वळ गचाळ कामालाही पडतात.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत, ते सोडवून घेऊ. पोर्टलचा कल कुणीकडे आहे, हा एक. ते देतं ती माहिती खरी असते का, हा दुसरा. कल असलेलं वर्तमानपत्र भरवशाचं असू शकतं आणि कसलाच कल नसलेलं पोर्टल बेभरवशाचं. पुण्याला हे नव्याने सांगायला नको. १८८१ मध्ये केसरी निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते. टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर केसरी एका बाजूला होता, सुधारक दुसऱ्या. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर्षं होणार, हा कायद्यातला तपशील मात्र दोघांसाठी एकच होता. भांडण होतं ते त्याच्या अर्थावरून, आणि कोण कुठे उभा आहे हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. उघड कलाचा मला त्रास नाही. त्रास आहे तो ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा.

तुमची पहिली लिंक नदीकाठाची. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावरच्या महापालिकेच्या प्रकल्पावर या शहरात दोन तट आहेत, बंडगार्डनजवळच्या झाडांवरून आंदोलनंही झाली. बातमीचा मथळा वाचून तुमच्या मेहुण्यांना राग आला असणार: ‘नदीकाठाचे रूप पालटणार, पुणेकरांना मिळणार हक्काची मोकळी जागा’. दुसऱ्या एखाद्या पोर्टलने हीच बातमी ‘विकासाच्या नावाखाली झाडांवर कुऱ्हाड’ अशी दिली असती. दोन्ही मथळ्यांना रंग आहे. मी रंगापाशी थांबलो नाही, खाली उतरलो. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय की या प्रकल्पाला जपानच्या संस्थेचं, म्हणजे जायकाचं कर्ज आहे. इथे मी पेन उचललं. जायकाच्या कर्जाचा प्रकल्प वेगळा, तो सांडपाण्याचा. शहरात ११ ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा. काठ बांधण्याचं काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे, त्यावरचे आक्षेपही वेगळे. या दोन प्रकल्पांची गल्लत करणाऱ्याने मूळ कागद पाहिलेला नाही, ऐकीव माहितीवर बातमी उभी केली आहे. ही चूक कुठल्या पक्षाच्या फायद्याची नाही, नुसती चूक आहे. पोर्टल भरवशाचं आहे का, हे अशा ठिकाणी कळतं. मथळ्यात नाही.

त्याच बातमीत झाडांचा आकडा आहे, पण तो कुणी दिला ते नाही. महाराष्ट्रात शहरातली झाडं तोडण्यासाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. म्हणजे आकड्याला कागद असतो. ज्याच्या बातमीत ‘महापालिकेच्या नोटिशीनुसार इतकी’ आणि ‘आंदोलकांच्या मोजणीनुसार इतकी’ असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, तो बातमीदार जागेवर जाऊन आलाय. ज्याच्याकडे एकच गोल आकडा आहे, तो बहुतेक घरी बसलाय. माझा अनुभव असा की संख्येच्या शेवटी शून्यं जितकी जास्त, तितकी चौकशी कमी.

आता भाषा. मराठीत कल पकडायची एक सोय आहे जी इंग्रजीवाल्यांना नाही: आदरार्थी अनेकवचन. एका पक्षाचा माजी नगरसेवक ‘यांनी भूमिका मांडली’ आणि दुसऱ्याचा ‘याने मुक्ताफळे उधळली’. अटक झालेल्याचं ‘यांना’चं ‘याला’ करण्याची पद्धत अनेक डेस्कवर आहे. ती मला पटत नाही, पण आहे. बघायचं एवढंच की ही पदावनती दोन्ही बाजूंच्या आरोपींची होते का. एका गटाचा पुढारी कोठडीत असूनही ‘दादा’, ‘साहेब’, ‘भाऊ’ राहत असेल आणि दुसऱ्याचा पहिल्याच दिवशी एकवचनात येत असेल, तर पोर्टलचा कल शोधायला आणखी कुठे जायची गरज नाही.

मग क्रियापदं. ‘म्हणाले’, ‘सांगितले’ ही साधी. ‘दावा केला’ म्हटलं की वाचक शंका घेतो. ‘कबूल केले’ म्हटलं की आधी काही लपवलं होतं असं होतं. ‘ठणकावले’, ‘सुनावले’, ‘खडे बोल’, ‘सणसणीत चपराक’ यांत बोलणाऱ्याला बातमीनेच विजयी करून टाकलेलं असतं. ‘बरळले’मध्ये हरवलेलं. तुम्ही असं करा. त्या पोर्टलचे एका आघाडीच्या नेत्यांबद्दलचे वीस मथळे आणि दुसरीच्या नेत्यांबद्दलचे वीस घ्या. नावं झाका, फक्त क्रियापदं दोन रकान्यांत लिहा. मी तुमच्या पोर्टलचं हे करून पाहिलं. एका रकान्यात ‘ठणकावले’ सहा वेळा, दुसऱ्यात एकदा. दुसऱ्यात ‘दावा’ पाच वेळा, पहिल्यात एकदाही नाही. तेव्हा तुमच्या मेहुण्यांचं निदान अगदीच हवेत नाही. कल आहे, तो सत्तेच्या बाजूला झुकतो. फार नाही, पण आहे.

क्रियापदासोबत प्रयोगही पाहावा, शाळेतलं व्याकरण इथे कामी येतं. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘लाठीमार झाला’. ‘कार्यकर्त्यांनी दगडफेक केली’ आणि ‘दगडफेकीची घटना घडली’. कर्ता कुणाचा गाळला जातो आणि कुणाचा कधीच गाळला जात नाही, ते बघत जा. ‘झाडे हटवण्यात आली’, ‘घरे रिकामी करण्यात आली’ ही वाक्यं सरकारी प्रसिद्धिपत्रकातून जशीच्या तशी येतात. मी नवा असताना आमचे वृत्तसंपादक अशा वाक्याभोवती लाल गोल करून समासात फक्त ‘कोण?’ लिहायचे. त्या एका शब्दाने मला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाहून जास्त शिकवलं, असं म्हटलं तर रानडे इन्स्टिट्यूटमधले माझे जुने शिक्षक रागावणार नाहीत.

दुसरी लिंक ‘सूत्रां’ची. अमुक नेते नाराज, लवकरच वेगळा निर्णय, राजकीय वर्तुळात खळबळ. आमच्यात याला पुडी सोडणं म्हणतात. ज्याला पुडी सोडायची असते तो एका बातमीदाराला फोन करतो, आणि बातमी आली की ती दाखवून पक्षात भाव वाढवून घेतो. ‘सूत्र’ वापरणं म्हणजे खोटेपणा नव्हे. निनावी माणसाशिवाय बाहेर न येणाऱ्या कितीतरी खऱ्या बातम्या मी स्वतः डेस्कवरून पुढे पाठवल्या आहेत. पण फरक दिसतो. नीट बातमीत सूत्राचं नाव नसलं तरी त्याची जागा असते: ‘बैठकीला उपस्थित असलेल्या दोन पदाधिकाऱ्यांनी’, ‘नस्ती पाहिलेल्या अधिकाऱ्याने’. पुडीत नुसतं ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे संपादकाने आधीच काढून ठेवलेला जामीन. अशा बातम्यांचा हिशेब ठेवणं सोपं आहे, कारण त्या भविष्य सांगतात. दहा गोळा करा, तीन महिन्यांनी किती खऱ्या ठरल्या ते बघा. शिवसेना जून २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये फुटली, त्याच्या आगेमागे अशा वावड्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. काही खऱ्या ठरल्या, म्हणून आता सगळ्याच खऱ्या वाटतात.

या फुटींमुळे आणखी एक झालंय. परदेशातल्या काही संस्था बातमीदारीची डावी-उजवी अशी मोजपट्टी देतात, आपल्याकडचे लोकही ती दाखवून वाद घालतात. ती पट्टी अमेरिकेच्या राजकारणावर बेतलेली आहे. आपल्याकडे कल पक्षाकडे असेलच असं नाही. तो एका गटाकडे असतो, एका नेत्याकडे असतो, कधी एखाद्या शिक्षणसंस्थेकडे किंवा बिल्डरकडे असतो. राष्ट्रीय राजकारणात सडेतोड वाटणारं पोर्टल मांजरीतल्या एका गृहप्रकल्पाबद्दल तोंडातून ब्र काढत नाही, हे कुठल्याच पट्टीवर येत नाही. ‘लोकांचा सर्वाधिक विश्वास’ असलेल्या नावांच्या याद्या निघतात, त्याही जपून वाचा. लोकांना कोण विश्वासाचं वाटतं हे त्यात मोजलेलं असतं. कोण विश्वासाचं आहे, ते नाही.

तिसरी लिंक मोर्चाची, ‘हजारोंचा जनसागर’. फोटो खालून, झूम करून काढलेला, झेंडे एकमेकांवर चढलेले. गर्दी मोजायची एक जुनी रीत आहे, हर्बर्ट जेकब्ज नावाच्या अमेरिकन पत्रकारितेच्या प्राध्यापकाने साठच्या दशकात बसवलेली. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साधारण साडेचार. रस्ता ५० फूट रुंद आणि मोर्चा ६०० फूट लांब असेल तर ३०,००० चौरस फूट झाले, म्हणजे सैल असेल तर ३,००० माणसं, खांद्याला खांदा असेल तर साडेसहा हजार. चालता मोर्चा सैलच असतो, नाहीतर पाय पडणार कुठे? तुमच्या बातमीत ‘हजारो’ लिहिलंय, ते या हिशेबाने चालून जातं. ‘लाखो’ लिहिणाऱ्यांना मात्र रस्त्याची लांबी विचारावी.

चौथी लिंक जुनी आहे, जानेवारी २०२५ मधली, सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे, म्हणजे गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडत होते तेव्हाची. ती तुम्ही पाठवलीत ते बरं केलंत. शहर घाबरलेलं असताना पोर्टल कसं वागतं ते बघायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. तेव्हा आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकात दोन वेगळे आकडे असायचे: संशयित रुग्ण आणि निदान पक्कं झालेले रुग्ण. मृत्यूंमध्येही हाच भेद होता. बऱ्याच ठिकाणी मोठा आकडा उचलून सरसकट ‘रुग्ण’ म्हणून छापला गेला, त्यात चिकन-पनीर खाऊ नका या वावड्यांची भर. तुमच्या पोर्टलने दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेत, आकडे किती वाजेपर्यंतचे ती वेळ घातली आहे, आणि डॉक्टरचं नाव, हुद्दा आणि रुग्णालय दिलंय. बातमी रूक्ष आहे, कुणी फॉरवर्ड केली नसेल. मी हिला पाचांत सगळ्यात जास्त गुण दिले.

पाचवीवर मात्र थांबावं लागलं. एका नेत्याच्या वाढदिवसाचा लेख. ‘विकासाचा ध्यास घेतलेले नेतृत्व’, शेवटी शुभेच्छा, कुठेही ‘जाहिरात’ हा शब्द नाही. मधलं एक लांब वाक्य उचललं, अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. ते आणखी तीन पोर्टलवर सापडलं, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या लेखकाच्या नावाने. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत उमेदवारांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः तोच, वेगवेगळ्या नावांनी आला होता. त्यावर गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने २०१० मध्ये अहवाल दिला. तो पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पेड न्यूज हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. पण हा कल नव्हे, हा धंदा आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने पैसे दिले तर लेख दुसऱ्या बाजूचा येईल. ज्याला ‘हे अमुक पक्षाचं आहे’ म्हणतात, त्यातलं पुष्कळसं ‘हे ज्याच्याकडे पाकीट आहे त्याचं आहे’ असं निघतं. अवतरणचिन्हांत वाक्य टाकून शोधायची युक्ती फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि प्रसिद्धिपत्रक चिकटवणारे तिने लगेच उघडे पडतात.

पोर्टल चालवतं कोण, हे बघायला मी पोर्टलच्या बाहेर जातो. स्टॅनफर्डच्याच वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले आणि त्याच्या रुबाबाला भुलले. तथ्यतपासनीसांनी पान झटकन सोडून बाकीचं जग त्याच्याबद्दल काय म्हणतं ते शोधलं, आणि कमी वेळात जास्त बरोबर निघाले. तेव्हा ‘आमच्याविषयी’ या पानावरचं निर्भीड, निःपक्ष वगैरे सोडून द्या. संपादकाचं नाव आहे का, पत्ता आहे का, कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालक कोण आहेत, ते बघा. छापील वर्तमानपत्राला मुद्रक-प्रकाशक-संपादकाची ओळ कायद्याने छापावी लागते. १८६७ चा तो कायदा जाऊन त्याजागी २०२३ चा कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण त्यातली नोंदणी नियतकालिकांसाठी आहे, बातम्यांच्या पोर्टलसाठी नाही. म्हणून कुणी आपण होऊन नाव-पत्ता लावत असेल तर ते जमेला धरावं. आणि तळाशी ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असेल तर सावध व्हावं. बहुतेक वेळा ती उद्यम नोंदणी असते, म्हणजे पिठाच्या गिरणीलाही मिळते ती. नाहीतर माहिती व प्रसारण मंत्रालयाला फॉर्म भरून पाठवलेला असतो, आणि फॉर्म पाठवला म्हणजे मान्यता मिळाली असं होत नाही.

फेसबुकवर पानाची माहिती उघडली तर पानाची आधीची नावं दिसतात. ही माझी आवडती जागा. आज ‘पुणे’ आणि ‘बातम्या’ असं साळसूद नाव असलेलं पान तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी युवा मंचाचं असतं. फेसबुकच्याच जाहिरात संग्रहात राजकीय जाहिराती कुणी पैसे देऊन केल्या तेही सात वर्षं राहतं. तुमच्या पोर्टलचं पान पहिल्यापासून याच नावाचं आहे, राजकीय जाहिरात एकही दिसली नाही. कंपनीच्या संचालकांपैकी एकाचा जाहिरात एजन्सीचा व्यवसाय आहे. पाचव्या लिंकचा उगम मला तिथे दिसतो, पण हा माझा तर्क.

आता जी गोष्ट मी सगळ्यात जड मानतो ती: चूक झाल्यावर काय करतात. एक किस्सा माझ्याच पदरचा आहे. फसवणुकीच्या गुन्ह्याची बातमी होती. आरोपीच्या नावापुढे मी पेठ चुकीची टाकली. त्या पेठेत त्याच नावाचे एक किराणा दुकानदार होते. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ अंक घेऊन कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. आम्ही खुलासा छापला, चार ओळी, आतल्या पानावर. ते परत आले आणि म्हणाले, ‘साहेब, बदनामी पहिल्या पानावर आणि माफी सातव्या?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर त्यांच्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जायचो, पुष्कळ वर्षं.

छापलेली चूक निदान रद्दीत शिल्लक राहते. पोर्टलची चूक गुपचूप पुसता येते. पण खुणा उरतात. लिंकमधले रोमन अक्षरांतले शब्द नीट वाचा. मथळा बदलला तरी पत्त्यात जुना मथळा तसाच राहून गेलेला असतो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाची जुनी प्रत मिळाली तर उत्तमच. १९ मे २०२४ चा कल्याणीनगरचा पोर्श अपघात आठवा. अल्पवयीन आरोपीचा म्हणून एक रॅप व्हिडिओ पसरला, अनेकांनी चालवला. तो त्याचा नव्हताच. त्या दोन दिवसांत कुणी ‘आम्ही चुकलो’ असं ठळक लिहिलं, कुणी फक्त ‘व्हायरल व्हिडिओमागचं सत्य’ अशी नवी बातमी करून आपलाच जुना व्हिडिओ कुणा परक्याचा असल्यासारखा दाखवला, आणि कुणी नुसतं पुसून टाकलं. तुमच्या पोर्टलने पुसून टाकलं, लिंक अजून शोधात येते आणि उघडली की पान रिकामं. त्याच दिवसांत अल्पवयीन मुलाचं नाव कुणी छापलं तेही बघण्यासारखं होतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने त्याला बंदी आहे. तुमच्या पोर्टलने नाव छापलं नाही.

चुकीची तक्रार कुठे करायची, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. प्रेस कौन्सिल छापील माध्यमांपुरती, पोर्टल तिच्या कक्षेत येत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पोर्टलने तक्रार अधिकारी नेमावा, त्याचं नाव लावावं, १५ दिवसांत निर्णय द्यावा असं आहे, पण त्यातल्या आचारसंहिता पाळण्याच्या आणि त्रिस्तरीय यंत्रणेच्या पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. वाचकासाठी कायद्यापेक्षा सोपी गोष्ट ही की तक्रारीसाठी माणसाचं नाव दिलेलं आहे की नुसता ‘संपर्क’ नावाचा रिकामा चौकोन आहे.

राहिला कल मोजायचा शेवटचा भाग, आणि तो कंटाळवाणा आहे: जे नाही ते बघणं. एखादी बातमी वाचून ती एकांगी आहे हे कळतं, पण न आलेली बातमी दिसत नाही. त्यासाठी शंभरपानी वही घ्या. एकच विषय निवडा, तुमच्या आजूबाजूचा: पाणी, कचरा, गंगाधाम चौकातली वाहतूक, काहीही. चौदा दिवस तीन ठिकाणी तोच विषय बघा, आणि कुणी दिलं, कुणी नाही, कुणाकुणाला बोलतं केलं एवढंच लिहा. वही भरताना शहराचे दिवस ध्यानात ठेवा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला, त्यानंतर सभागृहच नव्हतं. त्या काळात बातमीत विरोधी नगरसेवकाचं म्हणणं नाही म्हणून पोर्टलला दोष देता येत नाही. पण मग आयुक्तांच्या पलीकडे रहिवासी, अभियंता, ठेकेदार यांतलं कुणी गाठलं का? ज्याने प्रशासकाच्या काळात रोज फक्त प्रशासनाचं पत्रक छापलं, त्याचा कल कुठल्या पक्षाकडे नसेल, खुर्चीकडे नक्की होता.

आणि मेहुण्यांना एक खेळ द्या. राग आलेल्या बातमीतलं पक्षाचं नाव बदलून आपल्या पक्षाचं घालायचं आणि पुन्हा वाचायची. तरीही ती अन्यायाची वाटली तर तक्रार खरी. प्राध्यापकांनाही तोच खेळ. एकाच दिवशी दोघांना देऊ नका, चहा वाया जाईल.

तुमच्या पोर्टलबद्दल माझं मत: कल सत्तेकडे, सौम्य. आरोग्याच्या बातम्यांत काम नेटकं. महापालिकेच्या प्रकल्पांत कागद न पाहता लिहितात. वाढदिवसाचे लेख विकतात. चुका पुसतात, मान्य करत नाहीत. सिंहगड रस्त्यावर काय झालं यासाठी मी ते वाचेन. कोण कुठल्या पक्षात चाललाय यासाठी उघडणारही नाही.

९९९ रुपये आत्ता भरू नका. आधी त्यांना एक मेल टाका: नदीकाठाच्या बातमीच्या चौथ्या परिच्छेदात जायकाचं कर्ज चुकून आलंय, ते कर्ज सांडपाण्याच्या प्रकल्पाचं आहे, दुरुस्ती कराल का. तुमचं नाव घाला, रागावू नका, पक्षाचा उल्लेख नको. पंधरा दिवस वाट बघा. त्यांनी बातमीखाली ‘दुरुस्ती’ असं लिहून तारीख घातली तर पैसे भरा, माझ्या बाजूने हरकत नाही. गुपचूप वाक्य बदललं तर महिन्याची वर्गणी असल्यास तेवढीच. उत्तरच आलं नाही, तर तेवढ्या पैशात वर्षभर पुरतील एवढ्या वह्या येतील, आणि त्यातली पहिली मला दाखवायला आणा. मी मंगळवारी संध्याकाळी नवी पेठेत पत्रकार भवनाच्या आसपास चहाला असतो.